सहा वर्षांच्या मुलापासून शहात्तर वर्षांच्या आजोबांपर्यंत सगळ्यांना घेऊन घरी खेळायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की सासरे ७६ वर्षांचे, मुलगी १४ची, मुलगा ६ वर्षांचा. आठवड्यातून एक संध्याकाळ सगळ्यांनी मिळून खेळावं असं वाटतं, पण दोनदा बसलात आणि दोन्ही वेळा अर्ध्या तासात जो तो उठून गेला. आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घरात तीन वर्षांपूर्वी अगदी हेच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या वेळी मी एक महागडा, खोकाभर सोंगट्या असलेला नवा खेळ आणला. त्याचे नियम वाचून सांगण्यातच पाऊण तास गेला. दीर फोन घेऊन गच्चीवर गेले आणि सासूबाई "मला नको बाई, तुम्ही खेळा" म्हणून वाती वळत बसल्या. पुढच्या शनिवारी पत्ते काढले. मुलगा तेव्हा सहाचा, म्हणून त्याला लिंबूटिंबू केलं. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून त्यांची पाळी चुकली तर कुणी काही बोलायचं नाही असं आम्ही आपसात ठरवलं. दोन डाव झाले आणि त्यांनी पत्ते खाली ठेवले. म्हणाल्या, "मी काय लिंबूटिंबू हाय व्हय?"

तिथं माझी चूक मला कळली. लिंबूटिंबूला कुणी बाद करत नाही, पण त्याच्या खेळण्यानं कुणाचं काही बिघडतही नाही, आणि हे त्या पोराला पहिल्या पाच मिनिटांत समजतं. म्हाताऱ्या माणसाला तर त्याच्याही आधी. तेव्हापासून आमच्याकडे एकच नियम आहे: घरात लिंबूटिंबू कुणी नाही. ज्याला जे जमत नाही त्याची सोय करायची, पण डाव सगळ्यांचा खरा.

सोय म्हणजे काय, ते सांगते. सासूबाईंची बोटं सांधेदुखीनं आखडतात, हातात पत्त्यांचा पंखा धरता येत नाही. मी कपडे घासायचा एक नवा ब्रश आणला आणि दात वर करून त्यांच्यासमोर पाटावर ठेवला. त्या दातांमध्ये पत्ते उभे खोचले की छान राहतात, हात मोकळे. मुलालाही तसाच दुसरा दिला, कारण त्याचे पत्ते दर मिनिटाला सांडून सगळ्यांना दिसायचे. ब्रशचा खर्च किरकोळ, पण ज्या दिवशी ते दोन ब्रश आले त्या दिवसापासून आमची बैठक खऱ्या अर्थानं बसली. सोबत मोठ्या आकड्यांचा पत्त्यांचा कॅट घ्या आणि ट्यूबलाइटच्या बरोबर खाली बसा.

सुरुवात बदाम सातनं करा. सहा वर्षांच्या मुलाला सातच्या पुढे आठ आणि मागे सहा एवढं कळलं की पुरे. बदामाची सत्ती पडली की डाव सुरू, बाकीचे रंग आपापल्या सत्तीनं उघडतात, आणि लावण्यासारखा पत्ता नसेल तर पास. नशिबाचा भाग मोठा असल्यानं लहान मूल खरोखर जिंकतं, कुणी मुद्दाम हरावं लागत नाही. तरी मोठ्यांना डोकं चालवायला जागा राहते: दोन पत्ते लावता येत असतील तर कुणाची वाट उघडायची आणि कुणाची अडवायची. आम्ही सहा जण बसतो, म्हणजे चौघांना ९ आणि दोघांना ८ पत्ते येतात. ८ वाल्यांचा थोडा फायदा होतो, म्हणून दर डावाला वाटणारा बदलायचा. आमचा मुलगा बाकीची आकडेमोड शाळेत शिकला असेल, पण ५२ भागिले ६ तो इथंच शिकला.

तुमच्या मुलीला मात्र बदाम सात दोन आठवड्यांत कंटाळवाणं होईल. चौदाव्या वर्षी डोक्याला काम लागतं. तिला आजोबांबरोबर मेंढीकोटला बसवा. चार जण, दोन जोड्या, प्रत्येकी १३ पत्ते, आणि सगळी मारामारी चार दश्श्यांसाठी, म्हणजेच मेंढ्यांसाठी. तीन मेंढ्या ज्यांच्याकडे ते जिंकले, चारही आल्या तर कोट. आमच्या सासूबाईंना सकाळी गोळी घेतली का हे आठवत नाही, पण डाव संपल्यावर कोणत्या हाताला कुणी काय टाकलं हे त्या ओळीनं सांगतात. आमची मुलगी त्यांची जोडीदार. ती एकदा चौकटची दश्शी घाईनं टाकून गमावून बसली, तेव्हा आज्जीनं रागावण्याऐवजी तोच डाव पुन्हा मांडून दाखवला, राणी कुणाकडे असणार हे आधीच्या हातावरून कसं ओळखायचं ते. आज्जी शिकवतेय आणि नात मान खाली घालून ऐकतेय, असं मी त्या घरात आधी पाहिलं नव्हतं.

पत्ते नको असतील त्या दिवशी नाव-गाव-फळ-फूल. इथंही जोड्या लावा: आज्जी किंवा आजोबा सांगणार, धाकटा लिहिणार. आम्ही एक अट घातलीय, गाव आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातलंच हवं. क अक्षर आलं की मुलगी कागल लिहिते, आम्हीही कागल, सगळ्यांना पाच-पाच. सासूबाई मात्र हळूच नातवाच्या कानात कुरुंदवाड सांगतात. फळात कवठ, फुलात कोरांटी. तो बिचारा 'कोरांटी'तला अनुस्वार शोधेपर्यंत आम्ही थांबतो, तेवढी सवड द्यायची हे आधीच ठरलेलं आहे. दुसऱ्या कुणाचं नसलेलं उत्तर म्हणून दहा गुण, आणि त्यांना ते हक्कानं मिळतात.

कॅरमबद्दल थोडक्यात: लहान मुलाला उंच पाटावर बसवा, म्हणजे स्ट्रायकरपर्यंत हात पोचतो. लुडो खेळायचा तर मोबाइलवर नको, पटावर खेळा. फासा स्वतःच्या हातानं खुळखुळवण्यातच मुलाचा अर्धा आनंद असतो.

खाण्याचं आधी ठरवा. आम्ही पहिल्यांदा मधोमध भडंगाचं ताट ठेवलं. तेल-तिखटाची बोटं पत्त्यांना लागली, राण्यांच्या तोंडावर लाल डाग आणि मुलानं तोच हात डोळ्याला लावला. आता भडंग वाटीत, प्रत्येकाला चमचा. नाहीतर सरळ शेंगा भाजून मधल्या सुट्टीत खायच्या.

वेळ शनिवारची रात्र बरी, लवकर जेवून आठ ते साडेनऊ. फुटबॉलचा सीझन चालू असेल आणि घरात कुणी पेठेच्या टीमचं वेडं असेल तर मॅचच्या दिवशी आग्रह करू नका, मॅच हरली तर त्या माणसाबरोबर खेळण्यात मजा नाही. आणि साडेनऊ वाजले की, मुलं "अजून एक डाव" म्हणत असली तरी, कॅट डबीत. आम्ही एकदा अकरापर्यंत ताणलं, शेवट रडारडीत झाला आणि पुढचे दोन शनिवार कुणी बसलं नाही. महिन्याभराच्या गुणांची वही पण ठेवू नका. आमच्याकडे त्या वहीवरून माझे मिस्टर आणि दीर आठवडाभर धुसफुसत होते. दर शनिवारी पाटी कोरी.

तुमचे सासरे "मी नुसता बघतो" म्हणतात असं तुम्ही लिहिलंय. त्यांना पहिल्या दिवशी खेळा म्हणू नका. कॅट त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, "मामा, जरा पिसून देता का? आम्हाला नीट जमत नाही." पिसून झालं की पत्ते वाटायलाही त्यांनाच सांगा, आणि वाटताना एक वाटा त्यांच्यासमोरही पडू द्या.