किती मागे सरायचं? सिक्स्थ फॉर्मच्या दोन वर्षांबद्दल, रेडिंगहून

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मिस्टरांच्या बदलीमुळे तुम्ही जुलै 2026 मध्ये पुण्याहून रेडिंगला येताय. मुलाची दहावी नुकतीच झाली, जूनमध्ये त्याला सोळा पूर्ण होतील आणि सप्टेंबरात तो इयर 12 ला, म्हणजे आपल्या अकरावीला, बसेल. इयर 12 आणि 13 या दोन वर्षांना इथे सिक्स्थ फॉर्म म्हणतात. कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की सिक्स्थ फॉर्मला आईवडिलांनी लक्ष घालायचंच नसतं, इथली मुलं सगळं आपलं आपण करतात. त्यावर तुम्ही विचारताय की खरंच इतकं मागे सरायचं का.

माझं मत आधीच सांगते. अभ्यासातून मागे सरा, कागदांतून सरू नका. आम्ही बरोबर उलटं केलं होतं.

आम्ही 2019 च्या वसंतात इथे आलो तेव्हा मुलगी इयर 8 मध्ये होती. 2022 च्या सप्टेंबरात तिचं सिक्स्थ फॉर्म सुरू झालं. माझ्या डोक्यात मात्र 'अकरावी-बारावी' सुरू झाली होती. टीव्ही बंद, पाहुणे बंद, रात्री दूध-बदाम. वेळापत्रक पाहिलं तर विषय फक्त तीन: केमिस्ट्री, बायोलॉजी, मॅथ्स. एकेका विषयाचे आठवड्याला साधारण चार-पाच तास, म्हणजे वर्गात बसणं पंधरा तासांच्या आसपास. उरलेला वेळ काय करायचा? एका बुधवारी पोरगी बारा वाजताच घरी. मला वाटलं, हिने कॉलेज बुडवलं. तिला काही न विचारता मी सरळ शाळेत फोन लावला. तिच्या ट्यूटर बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, दुपारी तिचे स्टडी पीरियड असतात, घरी जायला परवानगी आहे. मग विचारलं, "तुम्ही तिच्याशी बोललात का?" फोन ठेवला तेव्हा कान गरम झाले होते. पोरगी चार दिवस माझ्याशी मोजून मापून बोलत होती, ते वेगळंच.

हे मोकळे तास हाच इथल्या पद्धतीचा गाभा आहे. शिक्षक जेवढं वर्गात शिकवतात जवळपास तेवढंच मुलाने बाहेर वाचायचं, ही अपेक्षा असते, आणि कुणी मागे लागत नाही. आपली मुलं इथेच गडबडतात. त्यात त्यांचा दोष नाही. इथली मुलं अकराव्या वर्षी सेकंडरीत गेल्यापासून हळूहळू सुटी झालेली असतात. बसने एकटी जातात, गृहपाठाच्या तारखा स्वतः सांभाळतात. सोळाव्या वर्षी त्यांचे आईवडील मागे सरतात ते पाच वर्षांच्या सरण्याचं शेवटचं पाऊल असतं. तुमचा मुलगा काल-परवापर्यंत क्लासहून सुटायचा तेव्हा बाहेर कुणीतरी स्कूटर लावून उभं असायचं. त्याला तुम्ही सप्टेंबरच्या एका सोमवारी एकदम सोडलंत, तर ते स्वातंत्र्य होत नाही. पोहायला न शिकवता विहिरीत ढकलल्यासारखं होतं. (आमच्या गावी तसंच शिकवायचे, पण कमरेला दोर असायचा.)

दोर म्हणजे काय, ते सांगते. मुलाला सगळ्यात अवघड जातं ते शिक्षकांकडे जाऊन "मला हे कळलं नाही" म्हणणं. आपल्याकडे ते म्हणजे कमीपणा. इथे न विचारणाऱ्या मुलाला सगळं समजलंय असंच धरतात. नोव्हेंबरात लेकीला केमिस्ट्रीच्या चाचणीत डी मिळाला, तेव्हा मी तिला न विचारता दोन विषयांची शिकवणी लावली. ती मुकाट्याने गेली, बसली, परत आली. पैसे गेले, ग्रेड तोच. फरक पडला तो नवऱ्याने तिच्या शेजारी बसून शिक्षकांना ईमेल कशी लिहायची ते दाखवलं तेव्हा. चार ओळींची ईमेल: कुठला भाग कळला नाही, मी काय करून पाहिलं, तुम्हाला कधी भेटू. पुढची तिने स्वतः लिहून आम्हाला वाचून दाखवली. त्यानंतर किती पाठवल्या ते मला माहीत नाही.

पेरेंट्स इव्हनिंगलाही हेच. मुलगा तुमच्या शेजारी बसतो आणि शिक्षक त्याच्याशी बोलतात. पहिल्या वेळी प्रत्येक प्रश्नाला मीच उत्तर देत होते. बायोलॉजीचे सर माझं नम्रपणे ऐकायचे, पुन्हा तिच्याकडे वळायचे आणि तोच प्रश्न विचारायचे.

आता एक गोष्ट जी तुम्हाला कुणी सांगणार नाही, कारण सगळ्यांना वाटतं ती सगळ्यांना माहीतच आहे. आपल्याकडे दहावीचा शिणवटा अकरावीत काढायचा हा रिवाजच आहे. अकरावीचे मार्क पुढे कोण विचारतंय? इथे वरवर तसंच दिसतं, कारण ए-लेव्हलची, म्हणजे इथल्या बारावीची, खरी परीक्षा दोन वर्षांच्या शेवटी एकदाच होते. पण विद्यापीठाचे अर्ज त्या परीक्षेच्या आधी जातात. अर्जात शिक्षकांनी वर्तवलेले ग्रेड असतात, प्रेडिक्टेड ग्रेड्स म्हणतात त्यांना, आणि ते बरेचसे इयर 12 च्या शेवटी होणाऱ्या शाळेच्या परीक्षेवर ठरतात. म्हणजे इथली 'अकरावी' ढिली सोडली तर ऑफर्सच कमी येतात. हे मुलाला ऑगस्टमध्येच, एकदा, नीट समजावून सांगा. एकदाच. रोज सांगितलंत तर तो हेडफोन घालेल.

विषय निवडतानाही तुम्ही समोर असायला हवं. तीनच विषय असल्यामुळे एक सोडला की एक दार बंद होतं. मेडिकलला बहुतेक ठिकाणी केमिस्ट्री लागते, इंजिनिअरिंगला मॅथ्स आणि बऱ्याचदा फिजिक्स. पहिल्या काही आठवड्यांत विषय बदलता येतो, नंतर अवघड. पण कुठला विषय आवडतो हे त्याने सांगायचं. आमच्या ओळखीत एका घरी वडिलांनी फर्दर मॅथ्स घ्यायला लावलं आणि फेब्रुवारीत मुलाने ते सोडलं; तोवर बापलेकात बोलणं उरलं नव्हतं. आणि हो, गुजराती, पंजाबी, बंगाली, उर्दूला इथे ए-लेव्हल आहे, मराठीला नाही. मला त्याचं अजून वाईट वाटतं, पण तो विषय वेगळा.

आता पैशाचं. मागे सरण्याच्या नादात आम्ही सगळ्यात जास्त इथे आपटलो. इंग्लंडमध्ये विद्यापीठाची फी दोन प्रकारची: 'होम' आणि 'ओव्हरसीज'. होमची कमाल 2025-26 साठी 9,535 पौंड होती. ओव्हरसीजची साधारण 20,000 पौंडांपासून 40,000 पर्यंत जाते, मेडिकलला त्याहूनही वर. नोकरीच्या व्हिसावर आलेल्या आपल्यासारख्यांच्या मुलाला होम दर मिळायचा तर सर्वसाधारणपणे कोर्स सुरू होतो त्या दिवशी त्याच्याकडे आयएलआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी हवी आणि आधीची तीन वर्षं त्याचं वास्तव्य इथलं हवं. मुलीने युकासच्या, म्हणजे विद्यापीठांचे अर्ज एकत्र घेणाऱ्या संस्थेच्या, फॉर्ममध्ये मैत्रिणींचं पाहून तिथल्या वर्गवारीत स्वतःला होममध्ये टाकलं. आम्ही तो फॉर्म पाहिलाच नाही. तेव्हा आम्ही 'मागे सरायला' शिकलो होतो ना! विद्यापीठाने व्हिसाचे कागद मागणारी ईमेल पाठवली ती तिला, आम्हाला नाही. बारा दिवस ती तिच्या इनबॉक्समध्ये न उघडता पडून होती. आमचं आयएलआर 2024 च्या मे महिन्यात हातात आलं, कोर्स सप्टेंबरात होता, म्हणून निभावलं. पण ते काही महिने आम्ही दोघं रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसायचो.

तुमचं गणित याहून कठीण आहे, ते आत्ताच मांडा. मुलगा 2026 ला आला तर 2028 ला विद्यापीठात जाईल. तेव्हा तुम्हाला इथे दोन वर्षं झालेली असतील. आम्हाला आयएलआर पाच वर्षांनी मिळालं, आणि 2025 मध्ये सरकारने तो काळ दहा वर्षांवर न्यायचा प्रस्ताव मांडला. म्हणजे ओव्हरसीज फी धरूनच चाला. सरकारी स्टुडंट लोनही त्याला मिळणार नाही. सरकारी शाळेतलं सिक्स्थ फॉर्म फुकट आहे, त्यामुळे हा खड्डा दोन वर्षं दिसत नाही. ही रक्कम मुलाला आकड्यांसकट सांगा. त्याचा अभ्यास त्याचा, पण घराचा हिशेब त्याच्यापासून लपवून त्याला स्वतंत्र कसं करणार?

युकासचं थोडं अजून. पाच कोर्स निवडता येतात. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि मेडिकलची मुदत 15 ऑक्टोबर, बाकीच्यांची जानेवारीत, पण शाळा स्वतःची तारीख बरीच आधी ठेवते. मेडिकल असेल तर यूकॅट ही परीक्षा इयर 12 नंतरच्या सुट्टीतच सुरू होते, तेव्हा तिकीट काढून महिनाभर पुण्याला जायचं ते आधी तारखा पाहून ठरवा. पर्सनल स्टेटमेंट आता तीन प्रश्नांच्या उत्तरांच्या रूपात असतं, तिन्ही मिळून 4000 अक्षरं. ते तुम्ही लिहू नका. चुका दाखवा, वाक्यं देऊ नका. आणि फॉर्ममध्ये 'नॉमिनेटेड अ‍ॅक्सेस' म्हणून जागा आहे, तिथे तुमच्यापैकी एकाचं नाव त्याला टाकायला सांगा. नाहीतर युकासला फोन केलात तरी ते तुमच्याशी त्याच्या अर्जाबद्दल एक शब्द बोलणार नाहीत.

हा 'तुमच्याशी बोलणार नाही' प्रकार दवाखान्यातही होतो. लेकीच्या रक्ताचा रिपोर्ट विचारायला मी जीपीकडे, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरकडे, फोन केला, तर रिसेप्शनवरची बाई म्हणाली, तिला फोन द्या. "अहो, मी आई आहे तिची!" काही उपयोग नाही. सोळा पूर्ण झाले की उपचाराला संमती त्याची आणि माहितीही त्याची. तेव्हा राग आला होता. पण त्यानंतर ती स्वतः अपॉइंटमेंट घ्यायला लागली, आणि बाहेर आल्यावर काय झालं ते सांगायलाही लागली, कारण सांगायची सक्ती उरली नव्हती.

शनिवारची नोकरी करू द्या. सोळा-सतरा वर्षांच्यांना एप्रिल 2025 पासून तासाला किमान 7.55 पौंड मिळायचे. आमची एका कॅफेत कप विसळायची. साताऱ्याहून सासूबाईंचा फोन: "पोरीला भांडी घासायला लावलीत? तिकडे इतकं वाईट चाललंय का?" नवऱ्याने त्यांना कसंबसं पटवलं. फक्त तास आठवड्याला आठाच्या वर जाऊ देऊ नका, परीक्षेच्या आधी दोन महिने बंद.

पार्ट्या होतील. अठराच्या आत दारू विकत मिळत नाही, पण घरगुती पार्टीत असते, हे धरून चला. आमच्याकडे नियम एकच होता: कुठे आहेस ते कळव, आणि कितीही वाजता फोन कर, न्यायला येऊ, त्या रात्री प्रश्न विचारणार नाही. एकदा रात्री पावणेदोनला कॅव्हरशॅमहून फोन आला. नवरा पायजम्यावर कोट आणि डोक्यावर माकडटोपी घालून गेला. पार्टीतल्या कुणाहीपेक्षा त्या टोपीची लाज तिला जास्त वाटली असं ती अजून सांगते.

हे सगळं इंग्लंडचं, स्कॉटलंडची पद्धत वेगळी आहे. तुम्ही रेडिंगलाच येताय म्हणून त्यात जात नाही.

आत्ता करायचं काम: इथल्या मुलांनी सिक्स्थ फॉर्मचे अर्ज गेल्या हिवाळ्यातच केलेत, त्यामुळे तुम्हाला एकेका शाळेला आणि सिक्स्थ फॉर्म कॉलेजला स्वतः विचारावं लागेल. जागा पुष्कळदा ऑगस्टच्या उत्तरार्धात जीसीएसईचे, म्हणजे इथल्या दहावीचे, निकाल लागल्यावर सुटतात. दहावीचं मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला आणि इंग्रजी-गणिताचे मार्क दिसतील अशी प्रत हातातल्या बॅगेत ठेवा. जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शाळा बंद होतात, मग फोन उचलायला कुणी नसतं, म्हणून ईमेल निघायच्या आधीच जाऊ दे. ती मुलाच्या पत्त्यावरून, त्याच्या शब्दांत. तुम्ही सीसीत.