सोंग काळ बायकांसाठी उतरती कळाच होता का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: चीनमध्ये थांग काळात (६१८–९०७) वू त्सथ्येन ही बाई सम्राट झाली, सोंग काळात (९६०–१२७९) पाय लहान राहावेत म्हणून मुलींचे पाय पट्ट्यांनी घट्ट बांधू लागले, मग छपाई, होकायंत्र, कागदी नोटा यांचं कौतुक कशाला?

पायांचं खरं आहे. पण गादीवरची एक बाई एका पारड्यात आणि घराघरातल्या लेकीसुना दुसऱ्यात, हा तराजूच मला पटत नाही.

वू अपवादच. ६९० ते ७०५ ती स्वतःच्या नावाने सम्राट होती. चीनच्या इतिहासात तिच्या जोडीला दुसरी नाही. पण त्याच थांग राज्याच्या जमीनवाटपात धडधाकट पुरुषाला १०० मू (जमीन मोजायचं चिनी माप), विधवेला ३०, आणि नवरा असलेल्या बाईला काहीच नाही. कर मात्र धान्याबरोबर रेशमी कापडातही घेत, आणि ते विणायची तीच. दुसरीकडे वायव्य चीनमधल्या तुन्ह्वांगच्या गुहांत काडीमोडीचे नमुना-मसुदे सापडलेत. त्यात नवरा लिहितो की बाईने पुन्हा केस विंचरावेत, भुवया रेखाव्यात आणि मोठ्या अधिकाऱ्याशी लग्न करावं. काडीमोडीचा इतका गोड कागद मी तरी दुसरा वाचलेला नाही.

आता सोंग. इथे सगळ्याचं मूळ सरकारी अधिकारी निवडायच्या परीक्षेत आहे. उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकत, शिवाय अक्षर ओळखू नये म्हणून कारकुनांकडून अख्खी पत्रिका उतरवून घेत. छापील पुस्तकं वाढली तसे परीक्षार्थीही वाढले. बायकांना परीक्षेला बसता येत नव्हतंच, तरी त्यांचं आयुष्य बदललं ते या परीक्षेनेच. निकालाची यादी लागली की श्रीमंत बाप तिथेच जावई ‘पकडायला’ उभे! चढाओढीत लेकीबरोबर द्यायच्या ऐवजाचा आकडा फुगला, त्यात जमिनीही आल्या. आपल्याकडचा हुंडा डोळ्यांसमोर आणू नका, हे स्त्रीधनाच्या जवळचं आहे. भावाभावांत वाटणी झाली तरी बायकोच्या माहेरून आलेलं वाटणीत धरायचं नाही, असा कायदा होता. विधवा पुनर्विवाह करताना ते बहुधा सोबत नेई. ही वाट पुढे मंगोलांच्या युआन राजवटीत १३०३ च्या हुकुमाने बंद झाली. ऐवज सासरीच राहू लागला.

कवयित्री ली छिंगचाओचा खटला बघा. पहिला नवरा वारल्यावर ११३२ मध्ये तिने दुसरं लग्न केलं. हा माणूस पैशाच्या मागे आणि हात उगारणारा निघाला. आपण किती वेळा परीक्षेला बसलो याचा खोटा आकडा देऊन त्याने पद मिळवलं होतं. तिने नेमकं तेच उघड केलं आणि सुटका करून घेतली. पण नवऱ्यावर फिर्याद करणाऱ्या बायकोला, फिर्याद खरी ठरली तरी, दोन वर्षांची शिक्षा होती. वजनदार नातेवाइकामुळे ती नऊ दिवसांत सुटली. तसा नातेवाईक नसलेल्या बायकांचं काय होत असेल, ते सांगायला नको.

नोटांबद्दल एक गंमत. सिच्वानमधल्या जड लोखंडी नाण्यांना कंटाळून व्यापाऱ्यांनी चालवलेल्या चिठ्ठ्या सरकारने ताब्यात घेतल्या त्या १०२३-२४ मध्ये. तेव्हा बाल सम्राटाच्या नावाने कारभार पाहत होती राजमाता ल्यू, एकेकाळची डमरू वाजवणारी, सोनाराची बायको. नोटांच्या गोष्टीत तिचं नाव कुणी घेत नाही, याचा मला जरा रागच येतो.

आणि पाय. त्याचा दोष बऱ्याचदा सोंग काळातल्या नीतिवादी पंडितांना देतात. पण विधवेच्या पुनर्विवाहाबद्दल ‘उपाशी मरणं किरकोळ, शील जाणं मोठं’ म्हणणाऱ्या छंग ई या पंडिताने विधवा भाचीचं पुन्हा लग्न लावणाऱ्या स्वतःच्या वडिलांचं कौतुकच केलंय. म्हणजे पाय बांधण्याचं सगळं खापर पंडितांवर फोडता येत नाही. ही टूम बड्या घरांतली. फूचौला १९७५ मध्ये ह्वांग शंग या मुलीची कबर उघडली. बाप परीक्षेत देशात पहिला आलेला, पुढे छ्वानचौ बंदराच्या परदेशी व्यापाराचा अधिकारी, नवरा राजघराण्यातला. ती १२४३ मध्ये गेली, सतराव्या वर्षी. कबरीत उंची रेशमाचे दोनशेहून जास्त कपडे होते, आणि तिच्या पायांना पातळ कापडाच्या पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या.