संगणक घरी जोडताना हात कुठे राखावा

प्रश्न : अभ्यास, टायपिंग, थोडंफार फोटोंचं काम आणि अधूनमधून एखादा गेम, एवढ्यासाठी संगणक घरी जोडायचा आहे. पैसे मोजकेच आहेत. ग्राफिक्स कार्ड आत्ताच घ्यावं का? प्रोसेसर कोणता घ्यावा?

उत्तर : कार्ड आत्ता घेऊ नका. तुमच्या कामांना प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स पुरेल. वाचलेला पैसा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) आणि रॅमकडे वळवा. कार्ड पुढे कधीही पाच मिनिटांत बसवता येतं. एसएमपीएस बदलायचा तर सगळ्या वायरी उपसाव्या लागतात, आणि मदरबोर्ड बदलायचा म्हणजे अख्खा संगणक सोडवून पुन्हा जोडायचा. जे नंतर बदलणं जिकिरीचं, ते आधीच नीट घ्या आणि हात राखायचा तो बाकीच्या भागांवर.

प्रोसेसर म्हणून रायझन ५ ५६००जी बघा. ६ कोअर (काम करणारे भाग), १२ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), आत वेगा नावाचं ग्राफिक्स, आणि एएम४ सॉकेट (प्रोसेसर बसायची बोर्डावरची जागा) असल्यामुळे डीडीआर४ रॅम चालते. नावातल्या शेवटच्या अक्षराकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. नुसत्या ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही. कार्डाशिवाय तो लावलात तर स्क्रीन काळीच राहील. इंटेलकडेही तोच प्रकार : आय३-१२१०० मध्ये ग्राफिक्स आहे, १२१००एफ मध्ये नाही.

५६००जी ची एक मर्यादा खरेदीआधीच माहीत असलेली बरी. त्याची एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच जलद मेमरी) १६ एमबी आहे, ५६०० ची ३२. शिवाय पीसीआय एक्स्प्रेस, म्हणजे कार्डाशी जोडणाऱ्या मार्गाच्या, ३.० आवृत्तीवरच तो थांबतो. म्हणून पुढे कार्ड घ्याल तेव्हा आरएक्स ६५०० एक्सटी टाळा. त्या कार्डाला फक्त ४ लेन (डेटाच्या वाटा) आहेत. ४.० च्या मानाने ३.० वर त्यांची वाहतूक निम्मी होते, आणि कार्डावरची ४ जीबी मेमरी भरली की गेम अडखळायला लागतो. ८ लेन आणि ८ जीबीचं आरएक्स ६६०० या जोडीला बरं. आणि दोन-चार महिन्यांत कार्ड घेणारच असाल, तर ५६००जी च्या वाटेला न जाता तोवर थांबून थेट ५६०० घ्या.

मदरबोर्ड ए५२० चिपसेटचा (बोर्डावरच्या नियंत्रक चिपचा) पुरतो. त्यावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवता येत नाही, तुम्हाला त्याची गरजही नाही. जुन्या साठ्यातला बी४५० मिळत असेल तर बायोस (संगणक सुरू करणारा, बोर्डावरचा प्रोग्रॅम) कोणत्या आवृत्तीचा आहे ते आधी विचारा. जुना बायोस ५००० मालिकेचा प्रोसेसर ओळखतच नाही. मागच्या बाजूला बायोस फ्लॅशचं बटण असेल तर एफएटी३२ फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवरून, प्रोसेसर न लावताही तो नवा करता येतो. बटण नसेल तर तो बोर्ड सोडून द्या.

प्रश्न : १६ जीबीची एकच रॅम स्टिक घेऊन पुढे दुसरी वाढवली तर चालेल ना?

उत्तर : वेगळं कार्ड असतं तर चाललं असतं. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते याच रॅममधून वाटा घेतं. डीडीआर४-३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन चॅनेलमध्ये (प्रोसेसर आणि रॅममधल्या दोन वेगळ्या वाटांवर) लावलेल्या दोन स्टिक मिळून ५१.२. तेव्हा ८-८ च्या दोन घ्या आणि चार स्लॉटचा बोर्ड असेल तर प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा. पुढे वाढवायला दोन स्लॉट मोकळे राहतात. पहिल्यांदा सुरू केल्यावर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी प्रोफाइल (रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा. हे बरेच जण विसरतात, आणि ३२०० ची रॅम वर्षानुवर्षं २१३३ किंवा २६६६ वर रखडते.

प्रश्न : कॅबिनेटसोबत ४५० वॉटचा एसएमपीएस फुकट मिळतोय. तो पुरेल का?

उत्तर : ४५० हा आकडा पुरेल, तो एसएमपीएस पुरेल असं नाही. कडेचं लेबल वाचा. प्रोसेसर आणि कार्ड १२ व्होल्टवर चालतात, म्हणून +१२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर बघायचे. ३७ अँपिअर असतील तर १२ × ३७ म्हणजे ४४४ वॉट, आकडा खरा. २० च असतील तर २४० वॉट, बाहेर काहीही छापलेलं असो.

तुमची गरज अशी : ५६००जी भाराखाली ८८ वॉटपर्यंत घेतो, आरएक्स ६६०० सुमारे १३२, बाकी सगळ्याला ५० धरा. म्हणजे २७०. चांगला ४५० किंवा ५०० चा एसएमपीएस भरपूर झाला, ६५० वर पैसे घालू नका. ८० प्लस ब्राँझचा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. शॉर्ट सर्किट, जादा व्होल्टेज आणि जादा करंट यांपासून संरक्षण आहे का, हे वेगळं पाहावं लागतं. वॉरंटीची वर्षंही पाहा.

मॉड्युलर (वायरी काढता-घालता येणारा) एसएमपीएस घेतलात तर जुन्याच्या वायरी नव्याला कधीही लावू नका. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची रचना प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळी असू शकते. प्लग बसतो, पण ५ व्होल्टच्या जागी १२ जातात आणि हार्ड डिस्क जळते. तिच्यातला डेटाही गेला.

प्रश्न : घरात जुनी हार्ड डिस्क आहे. विंडोज तिच्यावरच टाकू का?

उत्तर : नको. ती फोटोंसाठी ठेवा आणि विंडोजसाठी ५०० जीबीची एनव्हीएमई (साटापेक्षा जलद जोडणीची) एसएसडी घ्या. स्वतःची डीरॅम (छोटी जलद मेमरी) नसलेली स्वस्त एसएसडीही या कामांना चालेल. फक्त एम.२ मध्ये (थेट बोर्डावर बसणाऱ्या पट्टीच्या आकारात) साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार येतात, दिसायला जवळपास सारखेच. बोर्डाचा स्लॉट कोणता घेतो ते मॅन्युअलमध्ये बघा. काही बोर्डांवर एम.२ भरला की एक-दोन साटा पोर्ट बंद पडतात, तेही तिथेच लिहिलेलं असतं.

प्रश्न : सगळं जोडलं, पंखे फिरतात, पण स्क्रीन काळी. कुठून सुरुवात करू?

उत्तर : मॉनिटरची केबल बघा. कार्ड नसेल तर ती बोर्डाच्या पोर्टला हवी, कार्ड असेल तर कार्डाला. मग बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातला प्रोसेसरचा ८ पिनांचा प्लग. तो राहून गेला तरी पंखे फिरतात, त्यामुळे फसायला होतं. (कार्डाचा ६+२ प्लग तिथे जबरदस्तीने कोंबू नका, त्या वायरी उलट्या असतात.) नंतर वीज बंद करून रॅम काढा आणि खटका वाजेपर्यंत दाबून बसवा. एकाच स्टिकवर, दुसऱ्या स्लॉटमध्ये, चालवून पाहा. बोर्डावर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) असे छोटे दिवे असतील तर जो विझत नाही, दोष तिथे.

एवढ्यानेही भागलं नाही तर भिंतीतला प्लग काढा, बोर्डावरचा नाण्यासारखा सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा आणि पुन्हा लावा. तरीही तेच असेल तर बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवून चालवा. बाहेर चालला तर कॅबिनेटमधला एखादा जादा स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर स्क्रूने बसतो तो छोटा खुंटा) बोर्डाच्या मागच्या सोल्डरला टेकतोय.

कूलर काढायची वेळ आली तर सरळ वर ओढू नका. एएम४ च्या पिना प्रोसेसरलाच असतात, आणि कूलरला लावून आलेली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट इतकी चिकट असते की बंद सॉकेटमधून प्रोसेसर उपटून येतो, पिना वाकतात. कूलर आधी डावी-उजवीकडे हळूहळू फिरवून सैल करा, मग उचला. परत बसवताना जुनी पेस्ट पुसून मधोमध वाटाण्याएवढी नवी लावा.