जुन्या अमेरिकन शेगड्यांवर एवढी नक्षी का असायची? खर्च वाढत नसे का?

वाढायचा, पण एकदाच. मी कोल्हापुरात फाउंड्र्यांसाठी पॅटर्न, म्हणजे वाळूत दाबून साचा घ्यायचे नमुने, बनवतो, त्यामुळे खोली गरम ठेवणाऱ्या या शेगड्यांचे फोटो पाहिले की नजर आधी ओतकामावर जाते. वेलबुट्टी कोरायची ती लाकडी पॅटर्नवर. त्यावरून धातूचा पॅटर्न ओतायचा, कानशीने साफ करायचा आणि मग वाळूत हवे तेवढे साचे घ्यायचे. हजार नग काढा, कोरणावळ तेवढीच. खरी मेख श्रिंकेजची. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना साधारण एक टक्का आक्रसतं, आणि इथे ओतकाम दोनदा. म्हणजे मूळ लाकडी नमुना दुहेरी श्रिंकेज धरून मोठा करायचा, तोही पानाफुलांसकट. काय हात असतील त्या लोकांचे!

शिवाय पातळ, सपाट प्लेटवर ओतकामातला प्रत्येक डाग उठून दिसतो. नक्षीत तो खपून जातो.

19व्या शतकात हा धंदा न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीकाठच्या ऑल्बनी आणि ट्रॉय या शहरांत फोफावला. तिथली मोल्डिंगची वाळू बारीक, त्यामुळे नक्षी लखलखीत उतरायची. 1825 साली हडसनला ईरी सरोवराशी जोडणारा ईरी कालवा पूर्ण झाला आणि एवढा जड माल पश्चिमेकडे बोटीने जाऊ लागला. पेनसिल्व्हेनियातला अँथ्रासाइट, म्हणजे कठीण दगडी कोळसा, जाळायला वेगळी शेगडी लागे. तिची पेटंटं घेणाऱ्यांत एलिफलेट नॉट हे चक्क एका कॉलेजचे अध्यक्ष होते.

स्पर्धा वाढली तशी गिऱ्हाईक वळवायला नक्षी कामी आली. पण चोरीही सोपी: दुसऱ्याची शेगडी विकत आणायची, सुटी करायची आणि तिच्याच प्लेट पॅटर्न म्हणून वाळूत दाबायच्या. नक्कल टक्काभर लहान आणि जरा बोथट निघते, एवढंच. 1842 च्या कायद्याने अमेरिकेत डिझाइनला पेटंट मिळू लागलं, तेव्हा शेगडीवाल्यांनी त्याचा भरपूर फायदा घेतला.

पुढे डेट्रॉइटही मोठं केंद्र झालं. तिथल्या मिशिगन स्टोव्ह कंपनीने 1893 च्या शिकागो प्रदर्शनासाठी सुमारे 25 फूट उंच शेगडी केली, तीही ओक लाकडाची, धातूसारखी रंगवलेली! 2011 मध्ये ती आगीत जळाली.

विसाव्या शतकात गॅस आणि गुळगुळीत एनॅमल (काचेसारखा लेप) आलं, नक्षी मागे पडली. जुनी शेगडी हाती लागली तर प्लेटवर ओतलेलं साल बघा, पण जपून: ते बहुतेक वेळा पेटंटचं असतं, शेगडी त्यानंतर कितीही वर्षांनी ओतलेली असू शकते.