जुने सचिवालय नेमके कोणाचे?

प्रश्न : माझे वडील पणजीच्या जुन्या सचिवालयात लिपिक होते आणि त्या इमारतीचा उल्लेख ते नेहमी ‘आदिलशहाचा राजवाडा’ असाच करीत. परवा नातीला ती इमारत दाखवायला नेले, तेव्हा तिने विचारले, “आजोबा, ही तर पोर्तुगीज इमारत दिसते, यात आदिलशहाचे काय आहे?” मला उत्तर देता आले नाही. तिथे कचेरी केव्हापासून आली, हेही कळल्यास बरे होईल.
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आपल्या नातीने जे पाहिले ते अचूक पाहिले. उतरती कौले, वरच्या मजल्यावर नदीकडे तोंड केलेली खिडक्यांची रांग आणि चुन्याचा पांढरा रंग यांत विजापूरची कुठलीच खूण उरलेली नाही. गोलघुमटाच्या ओळखीची नजर घेऊन गेलेला माणूस तिथून रिकाम्या हाताने परततो. तरीही आपल्या वडिलांचे म्हणणे चुकीचे ठरत नाही, कारण ही जागा मुळात आदिलशाहीचीच आहे. युसुफ आदिलशहाने १५०० च्या सुमारास मांडवीच्या डाव्या तीरावर इथे आपला उन्हाळी महाल आणि त्याच्या रक्षणासाठी गढी उभारली. भोवती खाऱ्या पाण्याचा खंदक होता आणि तटावर पंचावन्न तोफा होत्या, असे वर्णन आढळते. पोर्तुगिजांनी पुढे वाड्याला जे ‘इदालकाँव’ नाव लावले, तेही ‘आदिलखान’ याचेच त्यांच्या तोंडी झालेले रूप आहे.

१५१० सालचा पावसाळा मला या वास्तूच्या चरित्रातला सर्वांत बोलका भाग वाटतो. पोर्तुगीज सेनानी आफोंसो द आल्बुकर्कने त्या वर्षाच्या आरंभी गोवा घेतला होता, पण मे महिन्यात आदिलशाही फौजेने त्याला शहरातून बाहेर काढले. जहाजांत बसून समुद्र गाठावा, तर पाऊस सुरू झालेला, नदीच्या मुखाशी वाळूचा उथळ पट्टा आणि पलीकडे खवळलेला दर्या. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या का ओढून ठेवतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्याची अवस्था समजावून सांगावी लागणार नाही. ऑगस्टपर्यंत त्याचा काफिला मांडवीतच अडकून पडला. अन्न संपत आले आणि पणजीच्या याच गढीवरून त्याच्या जहाजांवर तोफा डागल्या जात होत्या. शेवटी त्याच्या माणसांनी रात्री उतरून गढीवर हल्ला केला आणि तिथल्या तोफा व धान्य पळवून नेले. २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवा कायमचा पोर्तुगिजांच्या हाती गेला आणि त्याबरोबर हा वाडाही.

त्यानंतर लिस्बनहून येणारे विजरई, म्हणजे पोर्तुगीज व्हाइसरॉय, जुन्या गोव्यात समारंभाने प्रवेश करण्यापूर्वी इथे मुक्काम करू लागले आणि परतणारेही इथेच थांबत. १६१५ मध्ये वाड्याची पुनर्बांधणी झाली. जुने गोवे साथींनी ओस पडत गेले, तसे विजरई १६९५ मध्ये जुन्या गोव्याजवळच्या पणेलीला आणि १ डिसेंबर १७५९ रोजी या वाड्यात राहायला आले. पणजी हे तेव्हा दलदल आणि माडबागा असलेले गाव होते. तिला राजधानीचा अधिकृत दर्जा १८४३ च्या राजाज्ञेने मिळाला, म्हणजे राज्यकर्ता आधी आला आणि राजधानी त्याच्यामागून चौऱ्याऐंशी वर्षांनी झाली.

आता कचेरीबद्दल. १९१८ मध्ये गव्हर्नरांनी आपले बिऱ्हाड पणजीजवळच्या काबोच्या वाड्यात हलवले आणि इथे शासकीय कार्यालयांचा संसार सुरू झाला. गोवामुक्तीनंतर प्रवेशद्वारावरच्या विजरईंच्या राजचिन्हाची जागा अशोकचक्राने घेतली. गोवा, दमण व दीवच्या तीस सदस्यांच्या पहिल्या विधानसभेची बैठक ९ जानेवारी १९६४ रोजी इथेच भरली, पां. पु. शिरोडकर सभापती होते आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री. ज्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचा दर्जा दिला आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापराची तरतूद केली, तोही ४ फेब्रुवारी १९८७ रोजी येथील विधानसभेनेच संमत केला. २००० साली विधानसभा मांडवीपलीकडे पर्वरीच्या नव्या संकुलात गेली आणि ‘फाइल पर्वरीला आहे’ हे वाक्य आपल्या बोलण्यात रुळले.

एका दाखल्यासाठी मी तरुणपणी त्या वरच्या मजल्यावर अर्धा दिवस काढलेला आहे. टेबलांवर सुतळीने बांधलेल्या फायलींचे गठ्ठे होते आणि प्रत्येक सुट्या कागदावर काचेचे पेपरवेट, कारण उघड्या खिडकीतून मांडवीचा वारा थेट आत येई. एका वृद्ध लिपिकाने माझा अर्ज वाचताना एक हात सतत कागदावर ठेवला होता. आपले वडीलही असेच बसत असतील. म्हणून नातीला सांगावे की जागा आदिलशहाची आहे, आज दिसणारी वास्तू पोर्तुगिजांच्या काळातली आहे आणि गोव्याच्या सामान्य माणसाने ती आपली मानली, ती मात्र कचेरी म्हणून. त्यामुळे ‘जुने सचिवालय’ हे नाव मला तरी सर्वांत जवळचे वाटते.

प्रश्न : याच इमारतीशेजारी, झोपलेल्या स्त्रीवर हात पसरून उभ्या असलेल्या पुरुषाचा पुतळा आहे. तो कोणाचा?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : तो कांदोळी येथे १७५६ मध्ये जन्मलेल्या आबे फारिया यांचा आहे. संमोहनात रहस्यमय शक्ती वगैरे काही नसून समोरच्या व्यक्तीच्या मनाला मिळणारी सूचना काम करते, हे त्यांनी पॅरिसमध्ये मांडले. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ मध्ये, म्हणजे पोर्तुगीज अंमलातच उभा राहिला. विजरईंच्या वाड्याला लागून गोमंतकीयाने घडवलेले गोमंतकीयाचे शिल्प उभे आहे, हे मला फार मोलाचे वाटते. पुढच्या वेळी पुतळ्याच्या अगदी जवळ जाऊन त्या पसरलेल्या हातांची बोटे पाहावीत. कामतांनी संमोहनाचा सगळा ताण तिथेच एकवटला आहे.