'स्पाइसवर्ल्ड'ची जुनी कॅसेट घरात आहे, तरी 'स्पाइसवर्ल्ड २५' घ्यावा का?

हा प्रश्न विचारताना मामाची १९९७ ची कॅसेट अजून वाजते म्हणता, मग मूळ दहा गाण्यांसाठी पुन्हा खर्च करू नका. 'स्पाइसवर्ल्ड' हा स्पाइस गर्ल्स या ब्रिटिश पॉप गटाचा दुसरा अल्बम. 'स्पाइस अप युवर लाइफ', 'स्टॉप', 'व्हिवा फॉरएव्हर' सगळं त्यातच आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये पंचवीस वर्षांनिमित्त आलेल्या 'स्पाइसवर्ल्ड २५' या आवृत्तीची खरी गंमत दोन सीडींच्या संचात आहे. आधी न आलेली लाइव्ह रेकॉर्डिंग्ज, पार्टीत वाजवायला गाणी एकमेकांत जुळवून केलेलं मेगामिक्स आणि मुख्य म्हणजे 'स्टेप टू मी' हे गाणं. ते त्या काळी पेप्सीच्या जाहिरात मोहिमेत कॅन उघडायच्या कड्या जमवणाऱ्यांना मिळायचं, अल्बमवर नव्हतंच. (आपल्याकडे बाटल्याच जास्त, कड्या कुठून आणणार!) माझ्या मते तेवढ्या एका गाण्यासाठीही ही आवृत्ती ऐकण्यासारखी आहे. लाइव्ह गाणी मात्र एकदा ऐकली की पुरे.

विनाइल (तबकडी) घेणार असाल तर आधी कव्हरच्या मागच्या बाजूची गाण्यांची यादी वाचा, नाहीतर तीच दहा गाणी पदरात पडतील. दुकानांत शोधत फिरण्यापेक्षा ऑनलाइन मागवा. नुसतं ऐकायचं असेल तर स्ट्रीमिंगवर आहेच. कॅसेट तेवढी उन्हात ठेवू नका.