कोणी बघितलंच नाही तर? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न: क्वांटमवर (अणू-इलेक्ट्रॉनसारख्या अतिसूक्ष्म गोष्टींच्या विज्ञानावर) मी बरंच वाचलं, व्हिडिओही बघितले. सगळीकडे सांगतात की इलेक्ट्रॉनकडे कोणी बघत नसेल तर तो लहरीसारखा वागतो आणि बघितलं की कणासारखा. म्हणजे आपल्या मनामुळेच विश्व अस्तित्वात येतं असं ना? मनात आणू तसं घडतं म्हणतात, ते यावरून सिद्ध झालंय का?

उत्तर: नाही झालेलं. आधी नाही सांगून टाकतो, कारण या एका गैरसमजावर लोकांना काय काय विकलं जातंय ते बघून खरंच वाईट वाटतं.

सगळा घोळ 'बघणं' या शब्दाने घातलाय. इलेक्ट्रॉन डोळ्यांना दिसत नाही. तो कुठल्या वाटेने गेला हे कळायचं तर त्याच्यावर प्रकाश टाकावा लागतो नाहीतर वाटेत डिटेक्टर (कण टिपणारं उपकरण) ठेवावा लागतो, म्हणजे काहीतरी त्याला जाऊन भिडतं आणि त्याच्या वाटेची खूण दुसऱ्या कशावर तरी उमटते. ती खूण उमटली की लहरीसारखं वागणं संपलं, मग ती वाचणारा माणूस शेजारी उभा आहे की घरी झोपलाय याने काही फरक पडत नाही.

आधी मूळ गोष्ट किती अजब आहे ते बघा. १९८९ मध्ये जपानमध्ये अकिरा तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका वेळी एकच इलेक्ट्रॉन सोडला, त्याच्यासाठी दोन वाटा मोकळ्या ठेवून. पडद्यावर एक ठिपका. मग दुसरा, कुठेतरी भलतीकडेच. पहिले शेदोनशे ठिपके बघून काहीच कळत नाही, नुसते शिंतोडे उडाल्यासारखे दिसतात, पण हजारो जमले की हळूहळू उभे पट्टे वर येतात, एक दाट एक विरळ, जसे दोन लाटा एकमेकींत मिसळल्यावर येतील तसे. प्रत्येक इलेक्ट्रॉन एकटाच आला होता, तरी! ती चित्रं मी कितीदा बघितली असतील, दर वेळी थक्क व्हायला होतं.

आता तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर ज्यात आहे तो प्रयोग. व्हिएन्नात भौतिकशास्त्रज्ञ आंतोन झाइलिंगर यांच्या गटाने १९९९ मध्ये ६० कार्बन अणूंच्या फुटबॉलसारख्या रेणूचेही असे पट्टे मिळवले. नंतर २००४ मध्ये तिथेच ७० अणूंचे रेणू लेझरने तापवून सोडले. रेणू जितका जास्त तापवला तितके पट्टे पुसट होत गेले, शेवटी गायबच. का? तापलेली वस्तू प्रकाश बाहेर टाकते, आणि त्या प्रकाशासोबत रेणू कुठे होता याचा पत्ताही बाहेर जातो. वाट विचारायला कोणी डिटेक्टर लावला नव्हता, निसटलेला तो प्रकाश पकडून कोणी वाचलाही नाही, रेणूने स्वतःच चुगली केली आणि तेवढं पुरलं. वाटेची माहिती अशी बाहेर निसटून पट्टे पुसले जाणं, याला डिकोहरन्स म्हणतात.

सगळं सुटलंय असं मात्र नाही. अनेक शक्यतांतून शेवटी नेमकी एकच का दिसते यावर भौतिकशास्त्रज्ञांत अजून जोरदार वाद आहेत. युजीन विग्नर यांच्यासारख्या मोठ्या भौतिकशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये बघणाऱ्याच्या जाणिवेमुळेच निकाल ठरतो हा मुद्दा गंभीरपणे मांडलाही होता, पण पुढे ते स्वतःच त्यापासून दूर गेले. हा शेवटचा भाग कोणी सांगत नाही.

आणि विश्वाचंच म्हणाल तर, महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी सुटलेला प्रकाश आजही सगळ्या दिशांनी येतोय, तापमान साधारण २.७ केल्विन, म्हणजे उणे २७० अंश सेल्सिअसच्या आसपास. कोबे उपग्रहाच्या मोजमापांतून १९९२ मध्ये या तापमानात लाखात एक भाग इतके बारीक चढउतार सापडले. सध्याच्या सर्वमान्य स्पष्टीकरणानुसार ते अगदी सुरुवातीच्या क्वांटम हेलकाव्यांचे (सूक्ष्म पातळीवरच्या आपोआपच्या चढउतारांचे) ताणून मोठे झालेले ठसे आहेत, आणि त्यातूनच पुढे दीर्घिका झाल्या. हे सगळं घडलं तेव्हा बघायला कोण होतं? विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं, पृथ्वीच मुळी ४५० कोटी वर्षांची.

प्रश्न: एन्टँगलमेंट वापरून प्रकाशापेक्षा वेगाने मेसेज पाठवता येईल का?

उत्तर: नाही येणार. एन्टँगलमेंट म्हणजे दोन कणांची क्वांटम जोडी जमणं. अशा जोडीतले दोन कण लांब नेऊन मोजले तर निकाल एकमेकांशी जुळतात, आणि ते आधीच आत ठरलेले होते या साध्या समजुतीने ती जुळणी समजावता येत नाही (याच प्रयोगांसाठी २०२२ चं नोबेल आस्पे, क्लाउझर आणि झाइलिंगर यांना मिळालं). पण तुमच्या बाजूला कुठला निकाल येणार हे तुमच्या हातात नाही, म्हणून त्यात निरोप भरता येत नाही. दोन्हीकडच्या वह्या शेजारी ठेवल्या तरच जुळणी दिसते, एरवी प्रत्येकाच्या वहीत नुसता छापा-काटा, आणि वह्या जुळवायला फोनच करावा लागतो, जो प्रकाशापेक्षा जोरात जात नाही.